गडी वाटले ती सकाळ

अकरावी

"अकरा आणि बारा तर ठरलेच आहेत ना, सर? कोहळे आणि धुर्वे. त्यांच्यावर आणखी काय बोलायचं?"

"बोलतो कोण आहे बाबू? ते मला मान्यच आहे. मी पहिलीबद्दल बोलून राहिलो."

ऑफिसचं दार प्लायवूडचं होतं. आम्ही बाराजणी दाराबाहेर जमिनीवर बसून बुटांच्या लेस बांधत होतो आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. अकराजणींनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे बघायचं टाळलं.

हर्षदा कोहळे म्हणजे मी.

धुर्वे म्हणजे सरोज. ती माझ्या शेजारीच होती. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "मी बारावी असेन गं. तू अकरावी. एक नंबर तरी वर आहेस."

"गप बस."

"मला काय त्याचं? मी जूनमध्ये वनरक्षक म्हणून रुजू होऊन राहिली. तिथे वाघ विचारणार नाही कितवी आलीस म्हणून."

सरोजला काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. विदर्भात बायकांची पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग त्या उन्हाळ्यात झाली होती. सहा शहरांचे सहा संघ होते आणि अंतिम सामना दोनच दिवसांपूर्वी संपला होता. आता संध्याकाळच्या बक्षीस समारंभात आम्हा निवडक बाराजणींमधल्या सर्वोत्तम दहा खेळाडू क्रमाने जाहीर होणार होत्या. त्या दहाजणींना पुढच्या सीझनचा करार तिथल्या तिथे मिळणार होता. बाकीच्यांनी परत चाचणी द्यायची, आणि तिथे वीस वर्षांच्या मुली येणार. मी सव्वीसची. आर्वीच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. एका सीझनची रजा घेऊन वर्ध्याच्या संघातून खेळले होते. निघताना आईला आणि मोठ्या बाईंना मीच सांगून आले होते, दहात आले तर खेळत राहीन, नाही आले तर सोमवारी शाळेच्या उन्हाळी शिबिरावर हजर. ही अट कोणी घातली नव्हती. माझ्याच तोंडून, जरा ऐटीत, निघाली होती.

आता शनिवार होता.

पहिली (किंवा दुसरी)

आत भांडणारे दोघे होते. एक बोंद्रे सर. नागपुरातल्या निम्म्या कोचांचे कोच. दुसरा चिन्मय, लीगचा आकडेवाला, पुण्याहून आलेला. बारीक मुलगा, जाड चष्मा. प्रत्येक मॅचला कोर्टाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसायचा आणि कोणी चांगला पास दिला की आकडा टाकायच्या आधी टाळी वाजवायचा. म्हणून आम्हाला तो आवडायचा.

"मिथिला आष्टनकर, सर. पॉइंट बघा, पास बघा, सगळ्यांत वर तीच."

"आणि झरीन काझी? तिने फायनल एकटीने ओढली, ते नाही दिसलं?"

"ती एक मॅच झाली."

"अरे, फायनल आहे ती! एक मॅच म्हणतो!"

झरीन आणि मिथिला आमच्यातच बसल्या होत्या. मिथिला नागपूरची, केस घट्ट बांधलेली, पाठ सरळ, आतलं काही ऐकू येत नसल्यासारखी. झरीन अमरावतीची. सहा फुटांची ती भिंतीला टेकून, पाय लांब पसरून संत्र्याची गोळी चघळत होती.

"मिथिला," ती म्हणाली, "तूच घेऊन टाक वं पहिला नंबर. लय डोकं खाऊन राहिले."

"दिलेला नको मला."

"मंग बस."

दार उघडलं. बोंद्रे सर बाहेर आले, मागून चिन्मय. आम्हाला तिथे बघून चिन्मयचा चेहरा पडला. "तुम्ही इथेच होता?"

"फोटो काढायला बोलावलंय ना सर," कोणीतरी म्हणालं.

चिन्मयची नजर माझ्यावर आली आणि चटकन पंख्याकडे गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरांना तसलं काही होत नसे.

"फोटो नंतर. कोर्टवर चला. लहानपणी गडी कसे वाटून घेत होता, आठवते का?"

थोडं थांबून

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन कॅप्टन असायचे. बाकीच्यांनी जोड्या करायच्या, आपल्या तोडीचा असेल त्याच्याबरोबर. जोडीने लांब जाऊन गुपचूप नावं ठेवायची, एकाचं चंद्र, एकाचं सूर्य, असं काहीही. मग खांद्यावर हात टाकून कॅप्टनकडे यायचं. कोण चंद्र घेतो, कोण सूर्य घेतो? कॅप्टनला माहीत नसतं कोण कोण आहे. तो एक नाव घेतो, त्या नावाचा गडी त्याचा, उरलेला दुसऱ्याचा.

म्हणजे जोडी होते ती फुटण्यासाठीच. ज्याच्या खांद्यावर हात टाकून आलात, तो पुढच्या क्षणी तुमच्या विरुद्ध. त्यात कोणी लबाडी करत नसे, कारण दुबळी जोडी निवडली तर खेळाची मजाच जायची.

पुन्हा पहिली (किंवा दुसरी)

सरांचा बेत सरळ होता. ते आणि चिन्मय कॅप्टन. झरीन आणि मिथिला एकमेकींची जोडी करणार, हे उघड होतं. त्या दोघी फुटून समोरासमोर येणार. अकरा बास्केट जो संघ आधी करील तो जिंकला, आणि त्या संघात जी असेल ती सीझनची पहिली.

"हे काही शास्त्रशुद्ध नाही, सर," चिन्मय म्हणाला.

"नसू दे. पण बघायची इच्छा होऊन राहिली की नाही तुला?"

चिन्मयने चष्मा वर सरकवला. "होतेय."

मधल्या वर्तुळात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. कॅप्टन त्यात बसले. सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही बाराजणी, लीगच्या निवडक बारा, शाळेतल्या पोरींसारख्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मोठेपणी हे फार अवघड असतं. तू माझ्या तोडीची आहेस, हे हात पुढे करून, सगळ्यांसमोर सांगायचं. अकोल्याच्या दोघी लगेच चिकटल्या. यवतमाळची उंच सेंटर चंद्रपूरच्या उंच सेंटरकडे गेली. रितू बघेल, सगळ्यांत धाकटी, अठराची, दोनदा नकार मिळून तिसरीकडे धावली.

सरोज माझ्याकडे बघत होती, मी सरोजकडे. अकरा आणि बारा. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी दोन पावलं टाकली.

तेवढ्यात माझ्या मानेभोवती मागून एक लांबलचक हात पडला. संत्र्याच्या गोळीचा वास आला.

"कोहळं, चाल."

मला वाटलं, चेष्टा आहे. सगळ्यांनाच वाटलं. कोर्टच्या पलीकडे मिथिला उभी होती, एक हात अर्धवट पुढे केलेला.

"झरीन," ती म्हणाली, "मी इकडे आहे."

"दिसली वं. पण मी हिच्याबरोबर."

"हिच्याबरोबर?"

"हाव."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "झरीन, तोडीची जोडी करायची आहे."

"तेच करून राहिली ना सर."

"अगं, हिने सीझनभर बास्केट केल्या किती?" हे चिन्मय म्हणाला. मग जीभ चावली.

"हिनं किती केल्या ते तुमच्या डब्यात असंल," झरीन म्हणाली. "मी हिच्यासमोर किती केल्या, ते पाहा कधी."

आणि मला ओढत घेऊन गेली.

मागे फक्त दोघी उरल्या होत्या, मिथिला आणि सरोज. सरोज छाती पुढे काढून कोर्ट ओलांडत गेली आणि मिथिलाच्या खांद्यावर दणकन हात टाकला. "चला मॅडम. आपण तोडीस तोड!"

हसण्याचा असा फवारा उडाला की मिथिलालाही ओठ आवळून धरावे लागले.

पाण्याच्या कूलरमागे

"हे तू दयेपोटी केलंस," मी म्हणाले.

"काय?"

"दार पातळ आहे. मी अकरावी, हे तूही ऐकलंस. मला बरं वाटावं म्हणून..."

"ए. मी कोणाले बरं वाटावं म्हणून खेळत नसतो." झरीनची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "तुह्यासमोर मॅच असली का आदल्या दिवशी मले जेवण जात नाही. अम्मी विचारते, काहून वं? मी म्हणतो, उद्या वर्ध्याची ती जळू हाय."

"जळू?"

"तुलेच म्हणतो. चिकटली का सुटत नाही."

सीझनभर मला कोणी काही म्हटलं नव्हतं. मी ज्या मुलीला धरायचे तिची मॅच वाईट जायची. पेपरात यायचं, अमुक खेळाडूला आज सूर गवसला नाही. सूर मी हरवलेला असे. पण तसं छापत नाहीत.

"मिथिलाला घे ना," मी म्हणाले. "तिला हरवलंस की तू पहिली. सरळ आहे."

"मिथिला खेळते, मी खेळतो. ती तिकडं टाकते, मी इकडं टाकतो. तिले हरवून मले काय समजते? हं? त्या दिवशी तिचा हात चालला नसंल, बस." ती खाली वाकली, डोळे माझ्या डोळ्यांसमोर आणले. "तुह्या अंगावरून टाकलं तं मले समजते, का मी खरंच टाकू शकतो."

"मग मी तुला टाकू देणार नाही."

"हे झालं ना बोलणं!" तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "आता सांग. मी उडी कव्हा मारनार, तुले आधीच कसं समजते?"

मी हसले. "ते सांगितलं तर माझ्याकडे काय उरलं?"

तिच्या उजव्या बुटावरून समजायचं. उडी मारण्याआधी तो किंचित आत वळायचा. मी बॉलकडे बघायचेच नाही. बॉलकडे बघणारी फसते.

"नको सांगू," झरीन म्हणाली. "नावं ठेव लवकर. सर शिट्टी मारून राहिले."

"चंद्र-सूर्य?"

"छट्! मी पोहे. तू तर्री."

"मी का तर्री?"

"झोंबतं ना मले तू."

तर्री

"पोहे घेता का तर्री?" आम्ही गळ्यात हात टाकून ओरडलो.

निवडायची पाळी चिन्मयची होती. "पोहे."

"नुसते पोहे?" सर म्हणाले. "अरे, नागपुरात आला आहे तू."

"ॲसिडिटी आहे मला, सर."

झरीन त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, मी सरांच्या. सर मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. नाराज नव्हते. गोंधळलेले होते.

मग मिथिला आणि सरोज आल्या. "विमान घेता का बैलगाडी?"

"बैलगाडी," सर म्हणाले. "विमानाचा आपल्याला भरवसा नाही."

मिथिला तोंड लांब करून आमच्याकडे आली. सरोजने तिचंच नाव बैलगाडी ठेवलं होतं. सरोज पलीकडून दोन्ही हात पसरून विमानासारखी गोल फिरत होती.

म्हणजे झालं असं, की पहिली आणि दुसरी वेगवेगळ्या संघांत तर आल्या, पण मिथिलाच्या अंगावर सरोज आणि झरीनच्या अंगावर मी.

मिथिला माझ्याजवळून जाताना तोंडातल्या तोंडात म्हणाली, "तू फक्त हिला धर. बाकीचं मी बघते."

० – १

पहिला बॉल. झरीनला आत एक मोकळी फट मिळाली, मी एका पावलाने उशिरा पोचले, बास्केट. "जळू झोपली का वं?" ती ओरडली.

४ – ३

मिथिलाने सरोजच्या डोक्यावरून तीन टाकल्या. चौथ्या वेळी सरोजने तिच्या पोटाला मिठीच मारली. सर म्हणाले, हे बास्केटबॉल नाही. सरोज म्हणाली, वाघासमोर हेच चालते.

झरीन उजवीकडून आली. बूट आत. मी आधीच वर. बॉल माझ्या बोटांना लागून बाहेर गेला.

"अरे यार!" हे झरीन नाही म्हणाली. चिन्मय म्हणाला. तो त्यांचा कॅप्टन होता, पण टाळ्या मला वाजवत होता.

७ – ७

माझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मे महिना, हॉलमध्ये हवेचा एकच कूलर, तोही पाण्याविना फिरणारा. झरीन दोनदा माझ्या अंगावर आली आणि दोन्ही वेळा पास देऊन परत गेली. हे तिच्या स्वभावात नव्हतं. दोन्ही संघांतल्या बदलीच्या एकेक मुली आता बाकावर बसत नव्हत्या, उभ्या होत्या. त्या मिथिलाला बघत नव्हत्या. झरीन आणि मी होतो तिकडेच त्यांच्या माना वळत होत्या.

"काहून वं, दमली?"

"तू दमलीस."

"मी कव्हाच दमली."

"मग बस की."

"तू आधी बस."

आणि दोघींनाही हसू येत होतं, गुडघ्यांवर हात टेकून, घाम नाकावरून टपटप खाली पडत असताना. सबंध सीझनमध्ये मी कोर्टवर एकदाही हसले नव्हते. दहात यायचं होतं ना.

१० – १०

बॉल झरीनकडे. बाकी सगळ्या आपोआप बाजूला झाल्या. सरोजसुद्धा.

ती डावीकडे गेली, मी गेले. परत फिरली, मी फिरले. मग थांबली. मी खाली बघितलं. उजवा बूट आत वळला.

मी उडी मारली. पूर्ण, दोन्ही हात ताणून, आयुष्यातली सगळ्यांत उंच उडी.

ती जमिनीवरच होती. वर जाताना मला ती माझ्याकडे बघून हसताना दिसली. मग माझ्या काखेखालून ती निघून गेली आणि मी अजून हवेतच असताना मागे जाळीचा आवाज आला.

खाली आले तर ती कोर्टवर उताणी पडून पाय झाडत ओरडत होती. फायनल जिंकली तेव्हाही तिने असं केलं नव्हतं.

"बूट!" ती म्हणाली. "तू माह्या बुटाकडं पाह्यतं! मले अकोल्यात खेळलो त्या मॅचपासून माहीत हाय!"

"मग इतके दिवस वापरलं का नाहीस?"

"एकदाच चालनार होतं ना वं. फुकट कशाले घालवू?"

मी तिच्या शेजारी बसले. हरले होते. दाराबाहेर ऐकलेला अकरा हा आकडा कधी विसरले, मला कळलंच नाही.

पहिली

बोंद्रे सर आणि चिन्मय खुर्च्या जवळ ओढून कुजबुजत होते. बेत फसला होता. झरीनचा संघ जिंकला होता, पण सहा बास्केट मिथिलाच्या होत्या. पुन्हा तिथेच.

मिथिला टॉवेलने मान पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझ्यासमोर सरोज होती. झरीनसमोर ही होती. झरीनला पहिली लिहा." मग टॉवेल खांद्यावर टाकत, "आणि लवकर लिहा. माझं मन बदलेल."

"माझ्यासमोर सरोज होती म्हणजे काय?" सरोज मागून ओरडली. "विमान होतं विमान!"

झरीन उठली, मिथिलाजवळ गेली, खिशातून संत्र्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. मिथिलाने ती तोंडात टाकली. त्यांचं तेवढ्यात मिटलं.

चिन्मयने लॅपटॉप उघडला. बराच वेळ काही शोधत राहिला, चष्मा दोनदा पुसला. मग सरांकडे पडदा वळवला. सर वाचत होते आणि त्यांची भुवई हळूहळू वर जात होती.

"हे आधी काहून नाही दाखवलं, बाबू?"

"मी बघितलंच नव्हतं, सर. मी प्रत्येकीने काय केलं ते मोजलं. समोरचीला काय करू दिलं नाही, ते मोजलं नाही."

"मीही नाही मोजलं," सर म्हणाले. "आणि मी तर डोळ्यांनी बघत होतो."

ते उठून उभे राहिले. "सगळ्या इकडे या. एक विचारतो, खरं सांगा. पुढच्या सीझनमध्ये ही कोहळे तुमच्या अंगावर नको, असं कोणाकोणाला वाटते? हात वर."

आधी मिथिलाचा हात वर गेला, अगदी सरळ, ती जशी बसायची तसा. अकोल्याच्या दोघींचे गेले. यवतमाळच्या सेंटरचा, चंद्रपूरच्या सेंटरचा. सरोजने दोन्ही वर केले. "मी खेळणारच नाही, तरी नको!" रितू बघेलने तर उड्या मारत हात वर केला. "सर, हिला आमच्या टीममध्ये घ्या ना!"

रितू तेव्हा दहावी होती. तिला ते माहीत नव्हतं. त्या हाताने तिने स्वतःला अकरावी केलं. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही, मग जूनमध्ये चाचणी दिली, पहिल्या फेरीतच निवडली गेली आणि पुढली चार वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. माझ्या बाजूने उभी राहणारी माणसं मला अशी पुष्कळ मिळाली. समोर उभं राहायला मला शोधत आलेली एकच.

तेव्हा मात्र मी फक्त हात बघत होते. नको, नको, नको. इतक्या जणींना मी नको होते, आणि माझे गाल हसून दुखायला लागले होते.

"झरीन," सर म्हणाले, "तुझा हात खाली आहे."

"हाव."

"तुला नको नाही वाटत?"

"मले पाहिजे ना, सर! ती आर्वीले पोरं पळवत बसली तं मी खेळू कोणासमोर?"

चिन्मयची बोटं लॅपटॉपवर थांबली होती. "सर, मग कितवी लिहू?"

"लिही रे दहाच्या आत कुठंही. जेवून ठरवू."

मी काही बोलणार होते. आभार, किंवा असंच काहीतरी. पण बॉल धाडकन माझ्या पोटावर येऊन आदळला.

"काय पाहून राहिली?" झरीन पलीकडच्या बास्केटखालून ओरडली. एक बूट काढून तिने बाजूला फेकला होता, आता दुसरा काढत होती. "चाल, ये! आता पाहा काय पाह्यतं ते!"

ती अनवाणी उभी होती. मी बॉल उचलला आणि धावले.